खंडोजीची उताणी झोप

खंडोजीला जाग आली ती छातीवर बसलेल्या चापटीने. डोळे उघडले तर समोर त्याची बायको मालन उभी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट गल्लीकडे, आणि ओठ भराभर हलत होते. सकाळचं ऊन दारातून तिच्या पायांपर्यंत आलं होतं.

“सावकाश,” खंडोजी म्हणाला. “एकेक शब्द.”

मालनने दम घेतला आणि शब्द सुटे करून म्हणाली, “तुमचं घोरणं धाकट्या पातीत ऐकू जातंय. समोरच्या उमाबाई येऊन गेल्या. विचारत होत्या, तुमच्याकडे सुतार बसवलाय का?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सुतार नाही, नवरा आहे. उताणा निजायला शिकतोय.”

खंडोजी हसला, उशी सारखी केली आणि पुन्हा आढ्याकडे तोंड करून पडला.

देवासात त्या काळी दोन राजे होते, एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे, आणि गाव दोघांत असं वाटलेलं होतं की काही गल्ल्यांत डावी घरं एका संस्थानात तर उजवी दुसऱ्यात. खंडोजीची गल्ली त्यातलीच. त्यामुळे त्याचं घोरणं खरोखरच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होतं. त्याला स्वतःला मात्र त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

तो थोरल्या पातीच्या राजवाड्यात तास वाजवायच्या कामावर होता. देवडीत घड्याळ, घड्याळाशेजारी दोरखंडाला टांगलेला काशाचा थाळीसारखा तास, आणि हातात लाकडी मोगरी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, जोडीला मालोजी नावाचा दुसरा गडी. चौदा वर्षांमागे खंडोजीला ताप भरला. एकवीस दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा कान घेऊन गेला. कामावर परत आला त्या दिवशी मालोजीने बाराचे टोले दिले. खंडोजीने मोगरी बारा वेळा वर जाताना आणि खाली येताना पाहिली, आणि देवडीच्या पायरीवर बसून राहिला. त्याला वाटलं, नोकरी गेली. पण कारभारी समजूतदार होते. त्यांनी पाटीवर लिहून दिलं, घड्याळ बघायला डोळे लागतात आणि टोला द्यायला हात. तेव्हापासून खंडोजी टोला हातानेच ऐकायला शिकला. मोगरीतून कंप मनगटात येई, मनगटातून कोपरात. चांगला बसलेला टोला खांद्यापर्यंत जाई.

माणसांचं बोलणं तो ओठांवरून वाचायचा. अडचण होती ती मिशांची. राजवाड्यात जो तो मिशा राखून. शिवाजीराव जमादार बोलायला लागले की खंडोजीला नुसतं झुडूप हललेलं दिसे. त्यामुळे त्याचं खरं बोलणं व्हायचं ते बायकांशी, मुलांशी आणि बाजारातल्या उमाशंकर वैद्यांशी. वैद्य दाढीमिशी गुळगुळीत ठेवायचे आणि तोंड मोठं उघडून बोलायचे.

ताप उतरल्यावर दोन महिन्यांनी मुलगी झाली. नाव जमुना, घरात जमी. सुईणीने तिला बाहेर आणलं तेव्हा खंडोजीने लालबुंद तोंड उघडलेलं पाहिलं, जिभेची थरथर पाहिली. मुलीचं पहिलं रडणं त्याने पाहिलं. पुढची चौदा वर्षं तो तिला पाहतच आला.

आणि एक गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. स्वप्नात त्याला ऐकू यायचं. आई जात्यावर बसून गायची, रहाट कुरकुरायचा, मालोजी शिव्या घालायचा, सगळं लख्ख. पण जमी स्वप्नात आली की तिचे ओठ हलत आणि आवाज निघत नसे. तापाआधी भेटलेली माणसं स्वप्नात बोलायची, तापानंतरची मुकी राहायची. स्वप्नात त्याला हे खटकायचंही नाही. जाग आल्यावर मात्र तो बराच वेळ भिंतीकडे पाहत पडून राहायचा.

पौषात जमीचं लग्न ठरलं. धारच्या पागेतले बळवंतराव, त्यांचा थोरला मुलगा. मुहूर्त वैशाखातला. सगळं मनासारखं झालं आणि खंडोजीला चैन पडेना. चार महिन्यांत मुलगी धारला जाणार आणि आपण तिचा एक शब्द ऐकलेला नाही, हे त्याच्या मनात जे बसलं ते हलेना. शेवटी एका दुपारी तो उमाशंकर वैद्यांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि चौदा वर्षांचं सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

वैद्यांनी खल बाजूला ठेवला. “कान म्हारा बस की बात नी है, भिया,” ते म्हणाले. “पण सपना को इलाज है.”

मग कधी माळवीत, कधी त्यांच्या मोडक्या मराठीत त्यांनी सांगितलं. नेमावरला नर्मदेच्या घाटावर त्यांचे गुरू राहायचे. ते स्वप्नात जागे असायचे. आपण झोपलोय हे त्यांना झोपेतच कळायचं, आणि मग स्वप्नात जे बघायचं ते बघून यायचे. त्यासाठी त्यांनी आधी उताणं निजायची सवय लावून घेतली. हात छातीवर नाही, बाजूला. तळवे वर, पाय सैल. कुशीवर झालं की माणूस झोपेत बुडून जातो. उताणं असलं की अंग झोपतं आणि आपण उंबऱ्यावर बसून राहू शकतो, पाहुण्याची वाट बघत बसावं तसं.

“और एक बात,” वैद्य म्हणाले. “दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायचं, मी जागा आहे की झोपेत? त्याला एक खूण पाहिजे. जागेपणी कधी घडत नाही असं काहीतरी.”

खंडोजीने फार विचार केला नाही. “टोला,” तो म्हणाला. “जागेपणी मला टोला ऐकू येत नाही.”

वैद्यांनी मांडीवर थाप मारली. “बस,” ते म्हणाले. “इससे पक्की खूण किसी राजा के पास नी मिलेगी.”

कळणं सोपं होतं. निजणं काही जमेना. खंडोजी जन्मापासून डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपणारा. उताणा पडला की त्याला आपण तिरडीवर असल्यासारखं वाटे. नाक खाजे. पोटरीत गोळा येई. डोळा लागायला आला की अंग आपलं आपण डावीकडे वळे आणि जाग येई तेव्हा गुडघे पोटाशीच. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी निजायचा, तेव्हा हा सगळा उद्योग भरदिवसा, घरच्यांच्या डोळ्यांसमोर चाले. मालनला त्याने वैद्यांनी पित्तावर उपाय दिलाय असं सांगितलं होतं. तिने मन लावून हातभार लावला. दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती लावली. खंडोजी पोत्याला मिठी मारून झोपला. मग डाव्या कमरेला वाळका भोपळा बांधला, वळला की टोचावा म्हणून. तो गाठ सुटून गडगडत चुलीपर्यंत गेला आणि दोघांनाही हसू आवरेना.

शेवटी जमीलाच पहाऱ्यावर बसवलं. ती बापाच्या उशाशी आपल्या लग्नाची गोधडी शिवत बसे आणि बाप वळला की खांद्याला हात लावी. खंडोजी डोळे उघडी तेव्हा समोर तिचं हसू दाबलेलं तोंड आणि ओठांवर ठरलेले शब्द.

“आबा, उताणे व्हा.”

दिवसातून वीस वेळा तरी तो ते शब्द वाचायचा.

माघ असा गेला. फाल्गुनात नवीनच प्रकार सुरू झाला. एका सकाळी तो निम्मा झोपेत असताना हातपाय दगड झाले आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. ओरडायचं होतं, तोंड उघडेना. सुटला तेव्हा घामाने भिजला होता. मालनने लगेच लिंबू उतरवून टाकलं आणि उपाय बंद करा म्हणून हटून बसली. वैद्य मात्र ऐकून खूश झाले. म्हणाले, “दरवाजे पे पहुँच गया, भिया. अंग निजलं आणि तुम्ही जागे राहिलात. पुढच्या वेळी झटापट करायची नाही. बसू द्या त्याला छातीवर. थोड्या वेळाने आपणच उठून जातं.”

देवडीवर त्याने नेम सोडला नाही. प्रत्येक टोला दिल्यावर मोगरी खाली घ्यायची, मान जराशी कलती करायची आणि मनात विचारायचं, ऐकू आला का? नाही. म्हणजे मी जागा आहे. शिवाजीराव जमादारांनी हे चार-आठ दिवस पाहिलं. एकदा ते जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. खंडोजीला मिशांमधून एक अक्षर कळलं नाही, पण त्यांचे डोळे ओले होते. त्यांना वाटलं असावं, बिचारा अजून आशा धरून आहे. खंडोजीने हात जोडले आणि पुढचा टोला जरा जोरात दिला.

मग रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी घरी निजलेला असताना, तो देवडीवर उभा होता. मोगरी उचलली, टोला दिला, मान कलती केली.

ठण्ण.

आवाज आला. नुसता आला नाही, त्याच्या अंगावर आला. काशाचा जाड, गोल, मधासारखा आवाज देवडीभर फिरून परत आला आणि कानाशी हळूहळू विरला. खंडोजी मोगरीकडे पाहत राहिला. ऐकू आला, त्याने मनात म्हटलं. म्हणजे मी झोपलोय. म्हणजे मी घरी आहे, पाठीवर पडलोय, उशाशी जमी शिवत बसली आहे. त्याला इतका आनंद झाला, इतका झाला, की त्या धक्क्यानेच जाग आली. उठून बसला आणि समोरच्या जमीचे दोन्ही गाल धरून हसत सुटला. तिचे हात रंगाने अजून गुलाबी होते. तिला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली.

दुसऱ्या खेपेला चारेक दिवसांनी पुन्हा टोला ऐकू आला. या वेळी त्याने जीव शांत ठेवला. पण कान मिळाल्यावर त्याला हाव सुटली. टांग्याच्या घोड्याच्या टापा, कावळे, टेकडीवरच्या मातेच्या देवळातली घंटा, पिंपळाची सळसळ. तो गल्लोगल्ली ऐकत भटकला आणि जाग आल्यावर कपाळावर हात मारून घेतला. ज्या कामाला गेलो तेच राहिलं.

तिसऱ्या खेपेला तो कुठे रेंगाळला नाही. टोला ऐकला, मोगरी टाकली आणि थेट घर गाठलं. जमी अंगणात कंदिलाची काच पुसत बसली होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

“जमे,” तो म्हणाला, “मी ऐकतोय. बोल.”

जमीने मान वर केली आणि म्हणाली, “आबा, उताणे व्हा.”

आवाज जाड होता. घोगरा, पुरुषी, शेवटाला किंचित खोकला असलेला. तो आवाज खंडोजीला चांगला ओळखीचा होता. तो त्याचा स्वतःचाच होता.

तो जागा झाला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मालन धावत आली. पित्ताची गोष्ट आता पुरे झाली असं त्याला वाटलं. त्याने तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, स्वप्नातल्या मुक्या जमीपासून ते पोरीच्या तोंडातल्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजापर्यंत. मालन आधी हसली. मग हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि ओठ झाकले गेल्यामुळे तिचं बोलणं त्याला दिसेना. त्याने हळूच पदर खाली ओढला.

“इतकी वर्षं विचारलं का नाहीत मला?” ती म्हणत होती. “तिचा आवाज कसा आहे म्हणून?”

“तू सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला लागेल.”

“मला वाटलं, तुला लागेल,” खंडोजी म्हणाला.

तो तिच्या आणखी जवळ सरकला. मग तो म्हणाला, “आता सांग. कसा आहे?”

मालनने पदर सारखा केला. “कसा म्हणजे? आवाज आहे. जमीचा आहे.”

“असं नाही.”

“थांबा,” ती म्हणाली. “ऐकून येते.”

जमी परसात उमाबाईंच्या सुनेशी बोलत होती. मालन दाराआड जाऊन उभी राहिली आणि चौदा वर्षं रोज कानांवर पडणारा आवाज पहिल्यांदा ऐकायचा म्हणून ऐकू लागली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सापडलेलं काहीतरी होतं.

“पातळ आहे,” ती म्हणाली. “पण चिरका नाही. उमाबाईंचा आवाज आठवतो ना तुम्हाला? त्यातून त्यांचा ठसका काढून टाका. वाक्य संपवताना वर जाते, शेवटची पायरी चढल्यासारखी. र म्हणताना जीभ जरा अडखळते. आणि हसायच्या आधी श्वास आत ओढते, मग हसते.”

खंडोजीने ते सगळं घोकलं आणि झोपेत घेऊन गेला. त्यानंतर रातपाळीची प्रत्येक सकाळ म्हणजे नवरा-बायकोचं कारखान्यासारखं काम झालं. तो स्वप्नात जमीला समोर बसवायचा आणि म्हणायचा, जरा पातळ. थोडं वर चढ. र अडखळू दे. स्वप्नातली जमी निमूटपणे करून बघायची. जाग आली की तो मालनला सांगायचा आणि मालन दुरुस्ती द्यायची. एकदा आवाज उमाबाईंचाच आला, ठसक्यासकट. एकदा लहानपणीच्या आत्याचा आला. मालन आता दिवसभर कान लावून असायची. भाकरी थापता थापता मध्येच थांबून म्हणायची, “आज एक नवीन सापडलं. रागावली की आवाज खाली जातो तिचा, वर नाही.” तिचा चेहरा असा खुललेला खंडोजीने कैक वर्षांत पाहिला नव्हता.

चैत्र संपत आला. धारहून बळवंतरावांनी नवरीसाठी बाग गावची छापील ओढणी पाठवली, मांडवाची मेढ रोवायचा दिवस ठरला. लग्नाआधीचा रातपाळीचा शेवटचा आठवडा. त्या सकाळी टोला ऐकून तो घरी आला तेव्हा जमी ओढणीची घडी घालत होती. या खेपेला त्याने काहीच सांगितलं नाही. नुसता समोर जाऊन बसला.

“आबा,” जमी आपणहून म्हणाली, “मला पोचवायला धारला तुम्ही येणार ना?”

पातळ आवाज, शेवटाला वर चढणारा. आणि ‘धार’ म्हणताना तो मधोमध फुटला, मातीच्या पणतीला बारीक चीर जावी तसा, आणि पुढच्या शब्दावर पुन्हा सांधला. हे त्याने शिकवलं नव्हतं. मालनने सांगितलं नव्हतं.

“येणार,” तो म्हणाला. “येणारच.” आणि ती बोलत राहिली. शेगडी, सासू, पागेतले घोडे, काय वाटेल ते. तो ऐकत राहिला. घाई केली नाही, दुरुस्ती केली नाही. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं.

जाग आल्यावर त्याने मालनला हाक मारली. “एक विचारतो. धार म्हणताना जमीचा आवाज फुटतो का?”

मालनने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. “आठ दिवस झाले. मी मुद्दाम नाही सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं?”

खंडोजीने विचार केला. “कुणी नाही,” तो म्हणाला. “ते नाव निघालं की तिच्या गळ्याची शीर हलते. मी बघत होतो. बघता बघता ऐकलं असेल.”

लग्न थाटात झालं. मुलीला पोचवायला खंडोजी बैलगाडीतून धारपर्यंत गेला, तिच्या शेजारी बसून. वाटेत ती ओढणीच्या आत तोंड घेऊन पुष्कळ बोलली. ओठ दिसत नव्हते. तो मान हलवत राहिला. धारच्या वेशीपाशी तिने घुंगट मागे सारला आणि विचारलं, “आबा, काही कळलं का?” तो म्हणाला, “सगळं.” आणि ते अगदी खोटंही नव्हतं.

जमी नागपंचमीला माहेरी आली. तीन महिन्यांत उंच झाली होती. अंगणात पाय ठेवला तो उमाबाई आणि त्यांची सून गल्ली ओलांडून, राज्य ओलांडून धावत आल्या. तिघी लिंबाखाली बसून एकदमच बोलायला लागल्या. खंडोजी स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत होता. मालन चुलीपाशी पुरणाची दिंडं वळत होती. तिचा हात थांबला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“आवाज बदललाय तिचा,” मालन म्हणाली. “भरलाय जरा. आणि तिकडच्यासारखं बोलतेय, हेल काढून.”

“मग माझ्याकडे आहे तो जुना झाला.”

“जुना झाला.”

खंडोजी उठून तिच्याजवळ पाटावर येऊन बसला. “कसा भरलाय? नीट सांग.”

मालनने पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. बोट वर करून त्याला थांबायची खूण केली आणि डोळे मिटले. अंगणात जमी बोलत होती. खंडोजी मालनच्या चेहऱ्याकडे बघत बसला, तिच्या भुवया कधी वर जातात, ओठ कुठे हसू धरतात, ते एकेक टिपत.